जागा रिकामी आहे म्हणून फी कमी: हा सौदा कुणाच्या फायद्याचा?

प्रश्न थोडक्यात असा. कागल तालुक्यातले घर, अडीच एकर ऊस, दोन म्हशी. मुलगी बारावी विज्ञान झाली, सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, पर्सेंटाइल बरे आहे, ओबीसीचा दाखला आहे, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत. कोल्हापूरजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातून फोन येतो: "जागा शिल्लक आहेत, कॅपच्या भानगडीत पडू नका, थेट या, वर्षाला 25 हजार कमी करतो." मामाचे म्हणणे, पुण्याला कॉम्प्युटरला घाला. आजोबांचे म्हणणे, बीएस्सी करू दे, बसने जाऊन-येऊन होईल. धाकटा मुलगा दहावीत. काय करावे?

आधी फोनवाल्याचे बघू, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे.

शासनाने जुलै 2024 च्या निर्णयाने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के उचलले आहे. विनाअनुदानित कॉलेजही त्यात येते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचा प्रवेश यातून वगळला आहे. खासगी विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठेही वगळली आहेत. फोनवर "थेट या" म्हणणारा माणूस नेमके हेच सांगत नाही.

आकडे मांडू. हिशेबाला सोपे जावे म्हणून कॉलेजची मंजूर फी एक लाख धरा: 90 हजार शिकवणी शुल्क, 10 हजार विकास शुल्क. कॅपमधून गेलात तर 90 हजार शासन भरते. तुमच्याकडे विकास शुल्क आणि किरकोळ शुल्के राहतात. चार वर्षांचे साधारण 40 हजार. थेट गेलात आणि 25 हजारांची सवलत चारही वर्षे मिळाली, तर तीन लाख. सवलत पहिल्याच वर्षापुरती निघाली, आणि बहुतेक वेळा तशीच निघते, तर पावणेचार लाख. एकच कॉलेज, एकच बाक, आणि फरक अडीच ते सव्वातीन लाखांचा. जागा रिकामी असल्याचा फायदा तुम्हाला मिळतो असे वाटते. प्रत्यक्षात शासनाने द्यायचे पैसे तुम्ही खिशातून देता.

मग कॉलेज असे का सांगते? शिष्यवृत्तीचे पैसे शासनाकडून उशिरा आणि हप्त्याहप्त्याने येतात, पालक रोख देतो. पगार दर महिन्याला करायचे असतात. 60 जागांची शाखा 18 मुलांवर आली, तर लाखाच्या फीने 60 लाखांऐवजी 18 लाख जमतात. प्रयोगशाळा, वीज, बस मात्र तेवढीच राहते. ती तंगी समजण्यासारखी आहे, पण ती तुमच्या मुलीच्या नावावर भरून काढायची गरज नाही. त्याच कॉलेजात जायचे असेल तर त्याचा कोड कॅपच्या पर्यायांत टाका. जागा खरोखर रिकाम्या असतील तर कॅपमधूनही मिळेल.

मंजूर फी किती हे कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी ठरवते आणि ती त्याच्या संकेतस्थळावर असते. त्याहून जास्त घेता येत नाही. कमी घेता येते. पावतीवर शिकवणी, विकास, परीक्षा, बस, वसतिगृह असे रकाने वेगळे लिहून मागा. "इतर" या एकाच रकान्यात 20-25 हजार टाकलेले दिसले तर तिथेच थांबा आणि विचारा.

आता जागा रिकाम्या का पडतात ते. "मुलेच राहिली नाहीत" असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी मुले) 2005-06 मध्ये 2.1 होता, 2019-21 मध्ये 1.7 झाला. म्हणजे आज बारावी होणारी मुले अजून जुन्या दराची आहेत. खरी घट कॉलेजच्या दारात पोचायची आहे, ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जाणवेल. आपल्या जिल्ह्यात त्यात एक जुने दुखणे मिसळले आहे: 2011 च्या जनगणनेत कोल्हापुरात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 863 मुली होत्या, आणि तेच वय आज अकरावीपासून पदवीपर्यंतच्या वर्गांत आहे. पण आजच्या रिकाम्या बाकांचे मोठे कारण वेगळे आहे. जागा वाढल्या आणि ओढा बदलला. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था एआयसीटीई, तिने 2024-25 पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांना प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांत कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढल्या, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातली मुले तिकडे वर सरकली. इकडे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल ओस पडले. बीबीए-बीसीएला 2024-25 पासून सीईटी आली, ती वेळेत न दिलेली मुले बाहेर राहिली आणि तिथेही जागा पडल्या. काही कॉलेजांनी तर नाव बदलून तोच अभ्यासक्रम सीईटीशिवाय चालवला. नाव बदललेल्या पदवीत जायचे असेल तर गुणपत्रकावर नेमके काय छापून येणार ते आधी विचारून घ्या.

म्हणून रिकामी जागा दोन प्रकारची असते, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. एक, कॉलेज चांगले पण शाखेची फॅशन गेलेली. दोन, सगळे कॉलेजच घसरलेले, कॉम्प्युटरलासुद्धा जागा शिल्लक. पहिल्या प्रकारातली जागा म्हणजे संधी. दुसऱ्या प्रकारातली फुकट मिळाली तरी महाग.

हे ओळखायला सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे कटऑफ आणि रिकाम्या जागांचे तक्ते असतात. गेल्या तीन वर्षांचे काढा. प्रत्येक कॉलेजची प्रत्येक शाखा घेऊन चार रकाने करा: मंजूर जागा, कॅपनंतर उरलेल्या जागा, शेवटचे पर्सेंटाइल, आणि मंजूर जागांत दरवर्षी झालेला बदल. शेवटचा रकाना बहुतेक पालक बघतच नाहीत. 120 च्या 60 झाल्या असतील तर कॉलेजने स्वतःच माघार घेतली आहे; पुढची पायरी शाखा बंद करण्याची असू शकते. शाखा टप्प्याटप्प्याने बंद होते तेव्हा आत असलेल्या मुलांचे शिक्षण पूर्ण केले जाते, पदवी मिळते. पण मागून नवी तुकडी येत नाही, प्राध्यापक एकेक करून निघून जातात, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवायला तासिका तत्त्वावरची माणसे उरतात.

लहान वर्ग म्हणजे जास्त लक्ष, असे सांगितले जाते. पाच-सहा कायम प्राध्यापक टिकून असतील तर ते खरेही असते. नसतील तर 18 मुलांच्या वर्गाचे हाल वेगळेच असतात. दोन शाखांचे तास एकत्र लावतात. ऐच्छिक विषय चार छापलेले असतात, चालतो एकच. कॅम्पसला येणारी कंपनी आठ-दहा मुलांसाठी दिवसभर येत नाही. मुलांना दुसऱ्या कॉलेजच्या मुलाखतीत नेऊन बसवतात. आणि एक गोष्ट कुठल्याच पत्रकात नसते: मुले कमी झाली की पहिली कात्री बसच्या फेरीला लागते. गारगोटी, गडहिंग्लज, मुरगूडकडची फेरी बंद झाली की घरून जाणारी मुलगी अचानक खोली शोधायला लागते, आणि सगळा हिशेब फिरतो.

कॉलेज बघायला प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका. तिसऱ्या वर्षाचे वर्ग चालू असतील अशा साध्या मंगळवारी-बुधवारी, अकराच्या सुमारास जा. वर्गात किती मुले बसली आहेत ते दारातून मोजा. प्रयोगशाळेत यंत्रावर धूळ आहे की तेल, ते बघा. विभागात किती प्राध्यापक पूर्णवेळ आहेत ते विचारा. एआयसीटीईचे प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक असे आहे. एनबीए, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन, कॉलेजला नसते, शाखेला असते, तेव्हा "आम्हाला एनबीए आहे" यावर "कुठल्या शाखेला, कुठल्या वर्षापर्यंत?" हा पुढचा प्रश्न. प्लेसमेंटमध्ये सगळ्यात मोठे पॅकेज विचारू नका, ते एका मुलाचे असते. मागच्या वर्षी शेवटच्या वर्षाला किती होते, त्यातल्या किती जणांना नेमणूक पत्र मिळाले, त्यात शिकाऊ उमेदवार किती, आणि पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती, एवढे विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरूनही बरेच कळते.

आता पुणे. मुलगी कॅपमधून पुण्याच्या विनाअनुदानित कॉलेजात गेली तर शिकवणी शुल्क तिथेही माफ आहे. म्हणून कोल्हापूर की पुणे हा फीचा प्रश्न उरत नाही, तो जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा होतो. खोली, मेस, प्रवास मिळून महिना दहा हजार धरा, वर्षाचे दहा महिने, चार वर्षांचे चार लाख. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, पुढे जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली, ती याच अडचणीवर: शिकवायला शाळा होती, पण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला नव्हते. सव्वाशे वर्षांनी फी माफ झाली आणि गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबली.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आहे, शासकीय वसतिगृहे आहेत. अर्ज जरूर करा. पण भत्त्याचा पैसा महिन्याच्या खर्चात धरू नका. तो येतो तेव्हा वर्ष बरेच उलटलेले असते. खोलीभाडे पाच तारखेला द्यायचे असते.

चार लाख जास्त घालून पुण्यात काय मिळते, हे कॉलेजच्या नावावर अवलंबून आहे, पुण्याच्या नावावर नाही. इकडे वर्ग ओस, तर तिकडे काही ठिकाणी कॉम्प्युटरच्या वर्गात जत्रा, आणि शिकवायला माणूस दोन्हीकडे कमी. माझे मत स्पष्ट आहे: पुण्यातले पहिल्या फळीतले कॉलेज मिळत असेल तर खर्च करावा. तिसऱ्या-चौथ्या फळीतले मिळत असेल, तर सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अभियांत्रिकी, इस्लामपूरचे राजारामबापू, इचलकरंजीचे डीकेटीई, कोल्हापुरातले केआयटी अशा जुन्या कॉलेजांतली इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलची जागा त्याहून बरी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्या, मशीन शॉप यांना ही मुले लागतात. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो, हे लपवायचे कारण नाही. पण घरून जाऊन-येऊन मिळणारा कमी पगार आणि पुण्यात खोलीभाडे वजा जाता उरणारा जास्त पगार शेजारी शेजारी लिहून बघा.

कर्ज काढून पुणे करायचे असेल तर कर्जाचा खरा आकडा असा. वर्षाला एक लाख असे चार वर्षे उचलले, व्याज दहा टक्के, आणि अभ्यासक्रमानंतर हप्ता न भरण्याची एक वर्षाची सवलत धरली. पाचव्या वर्षाच्या शेवटी सरळव्याजानेच एक लाख 40 हजार व्याज साठते. कर्ज 5 लाख 40 हजार होते. सात वर्षांत फेडायला महिना सुमारे 9 हजारांचा हप्ता. नोकरी लागो न लागो, तो सुरू होतो. चार लाखांपर्यंत बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी (मंजुरीच्या वेळी 860) तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज परतावा आहे. तुमचे कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी बघायचे. नंतर बघून उपयोग नाही.

बीएस्सीबद्दल आजोबा चूक नाहीत. अनुदानित कॉलेजात वर्षाची फी काही हजारांत भागते. पण तिथेही संख्या घटली आहे आणि तिचा फटका वेगळ्या जागी बसतो: शेवटच्या वर्षी मुलीला हवा तो मुख्य विषय चालू राहील का, हा प्रश्न असतो. तुकडीत मुले नसली की तासांचा कार्यभार भरत नाही, निवृत्त प्राध्यापकाची जागा भरली जात नाही, आणि "आता या विषयाऐवजी तो घ्या" असे सांगितले जाते. तेव्हा पहिल्या वर्षालाच त्या विषयाच्या शेवटच्या वर्षात किती मुले आहेत ते विचारा. राजाराम, विवेकानंद यांसारखी मोठी, जुनी कॉलेजे यात जास्त सुरक्षित, कारण तिथे विषयांची संख्या टिकून असते. पुढे शिवाजी विद्यापीठात एमएस्सी, बीएड किंवा स्पर्धा परीक्षा असा ठरलेला रस्ता असेल तरच बीएस्सी. "फी कमी" हे एकच कारण असेल तर नको, कारण कॅपमधून तुमच्या मुलीला अभियांत्रिकीही जवळजवळ त्याच पैशात पडते.

पैशाच्या वेळेचे वेगळे बोलायला हवे. फी जुलै-ऑगस्टमध्ये, उसाचे बिल गाळप सुरू झाल्यावर, आणि त्यातून आधी सोसायटीची वसुली. एकरी 40 टन धरले तर अडीच एकरांत शंभर टन. टनाला 3,200 रुपये हाती धरले तर तीन लाख 20 हजार, पण पीककर्ज, खत, पाणीपट्टी जाऊन उरते त्याच्या निम्म्याच्या आसपास, तेही जानेवारी-फेब्रुवारीकडे. दर दहा दिवसांचे दुधाचे बिल घर चालवते. म्हणून जुलैत हात आखडतो आणि "25 हजार कमी" हे शब्द गोड लागतात. जागा रिकाम्या असलेल्या कॉलेजशी घासाघीस करायचीच तर शिकवणी शुल्कावर करू नका, ते तुम्हाला भरायचेच नाही. बसच्या भाड्यावर करा, वसतिगृहावर करा, विकास शुल्काचे दोन हप्ते मागा आणि दुसरा जानेवारी अखेरचा मागा. हे कॉलेज सहज मान्य करते. तोंडी नको, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने, चारही वर्षांचा उल्लेख करून घ्या.

कॅपचा अर्ज भरताना एक नियम पक्का लक्षात ठेवा: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप निश्चित होतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. पुढच्या फेऱ्यांत कितव्या पर्यायापर्यंत असे होते, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. म्हणून "हे तर मिळेलच" असे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायचे नाही. आवडीच्या क्रमाने टाका, कटऑफच्या क्रमाने नाही. वर मिळायला कठीण अशी पाच-सहा, मध्ये पर्सेंटाइलच्या आसपासची दहा-बारा, खाली हमखास मिळतील अशी चार. "एक-दोनच भरा, आमचेच भरा" असा सल्ला देणारा स्वतःचे काम करतो आहे.

कागदांत अडते ते नेहमीच्याच ठिकाणी. नॉन क्रीमी लेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वर्षात संपते. जात पडताळणी जूनमध्ये सुरू करतात, ती अकरावीतच करायची. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा आणि चालू वर्षाचा लागतो. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज मंजूर होतो, पण बँक खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा जोडलेले दुसऱ्याच जुन्या खात्याला असते, आणि पैसे तिकडे जातात किंवा परत जातात. अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. दुसऱ्या वर्षी विसरलेली मुले बरीच असतात. मुलीला एखादे वर्ष पुन्हा करावे लागले तर त्या वर्षाची माफी हिशेबात धरू नका.

प्रवेश घेऊन नंतर दुसरीकडे चांगले मिळाले तर? ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केल्यास साधारण हजार रुपये कापून बाकी फी परत द्यायची असते, आणि मूळ दाखले अडवून ठेवायची परवानगी कुठल्याही कॉलेजला नाही. रद्द करण्याचा अर्ज प्रवेशाच्या पोर्टलवर करा, कॉलेजच्या खिडकीवर दिलेल्या चिठ्ठीवर विसंबू नका. तारीख पोर्टलवरची धरतात.

धाकट्याचे. रिकाम्या जागांचा खरा फायदा त्याला होऊ शकतो. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, मग थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी: एकूण सहा वर्षे, अकरावी-बारावी करून लागतात तेवढीच. दुसऱ्या वर्षाच्या या प्रवेशाला ठराविक वाढीव जागा असतात, आणि पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात मिळतात. म्हणजे पहिल्या वर्षी जितक्या जागा पडून राहतात, तितकी पदविकेवाल्याला चांगल्या कॉलेजात शिरायची वाट रुंद होते. वर अकरावी-बारावीच्या खासगी क्लासची फी वाचते, आणि मध्येच थांबायचे झाले तरी हातात नोकरीपुरती पदविका असते. अडचण एकच, दुसऱ्या वर्षाचे गणित पदविकेच्या मुलांना जड जाते; शेवटच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचे गणित करून घ्यायला हवे. मुलगा असल्याने ओबीसीतून त्याला शिकवणी शुल्काची निम्मी सवलत धरा, पूर्ण नाही. म्हणून पुढे पदवीच्या प्रवेशावेळी, आणि बारावी करून पहिल्या वर्षाला गेला तर विशेष करून, टीएफडब्ल्यूएसच्या (शिकवणी शुल्क माफी योजनेच्या) जागा बघा: मंजूर जागांच्या पाच टक्के, आठ लाखांच्या आतल्या घरासाठी, शिकवणी शुल्क पूर्ण माफ, फक्त कॅपमधून. कटऑफ वर असतो, पण मूळच्या ओस शाखांत तोही खाली उतरतो.

त्याची जात पडताळणी याच वर्षी सुरू करा, आणि मुलीच्या अर्जासाठी काढलेल्या वंशावळीच्या कागदांच्या दोन जादा प्रती त्याच्या फायलीत ठेवा.